ब्राउझर उघडेना त्या सकाळी

बेंगळुरूत, मल्लेश्वरमच्या एका शांत क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर, दृष्टी गेलेल्या मोठ्या माणसांना कम्प्युटर शिकवणारी एक छोटी संस्था आहे. मी तिथे शिकवते, आणि यंत्रं बिघडली तर दुरुस्तही करते. दुसरं कोणी नाही म्हणून. हेब्बाळहून बस पकडून रोज नऊच्या आत पोचते.

आमच्याकडे पाच टेबलं आहेत, प्रत्येकावर कीबोर्ड, पडदा, स्पीकर. पण खरं यंत्र एकच, मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी. पाचही टेबलं त्यालाच जोडलेली. सगळ्यांच्या फायली, सगळ्यांचे मेल, सगळ्यांची कागदपत्रं त्या एका यंत्रात. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज त्यात आहे. सपाट, कोरडा, यंत्राचा आवाज. आमच्या लोकांचे डोळे म्हणजे तो आवाज.

त्या दिवशी साडेअकराला चौघांची ऑनलाइन परीक्षा होती. एका कंपनीला फोनवरून ग्राहकांच्या तक्रारी ऐकून नोंदवणारी माणसं हवी होती आणि दृष्टिहीन उमेदवार चालतील असं त्यांनी स्वतःहून कळवलं होतं. असं पत्र आमच्याकडे दरवर्षी येत नाही. कंपनीच्या माणसांनी आठवड्यापूर्वी येऊन आमची टेबलं तपासली होती. परीक्षा याच टेबलांवरून, याच ब्राउझरमधून द्यायची असं ठरलं होतं.

आणि मी आदल्या संध्याकाळी त्या यंत्राची डिस्क बदलली होती.

जुनी डिस्क भरत आली होती, अधूनमधून खरखर करायची. परीक्षेच्या मध्येच ती बसली तर काय, या भीतीने मी नवी आणली. सगळ्यांची घरं, म्हणजे प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर, नव्या डिस्कवर उतरवली. फायली मोजल्या, आकडा जुळला. दोन-चार उघडून पाहिल्या, उघडल्या. मग जुनी डिस्क पूर्ण पुसून टाकली. ती एका शाळेला द्यायची होती आणि तिच्यावर लोकांची प्रमाणपत्रं, बँकेची कागदं होती. कोरी करूनच द्यायला हवी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला काम संपवून घरी जायचं होतं. ब्राउझर मात्र मी उघडून पाहिला नाही.

सकाळी सव्वानऊला सगळ्यात आधी आल्या अक्का. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणतो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतलं, घरात मराठी, पण अर्धे शब्द कन्नड. चिकपेटमध्ये एका साडीच्या दुकानात त्या फॉल-पिको करायच्या. पस्तिशीत डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि हळूहळू सगळं अंधारलं. वर्षभर आधी आमच्याकडे आल्या तेव्हा कीबोर्डला हात लावायला घाबरायच्या. एव्हाना मी चहा करेपर्यंत त्यांचे मेल वाचून झालेले असायचे.

बाकीचे तिघंही येऊन टेबलांशी बसले, तेवढ्यात अक्कांनी ब्राउझर उघडला. स्पीकरमधून तो सपाट आवाज इंग्रजीत बोलला: तुमचं प्रोफाइल उघडता येत नाही. ते हरवलं असेल, किंवा तिथे पोचता येत नसेल.

"मॅडम, हे काय म्हणतंय की?" अक्कांनी विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच पलीकडच्या टेबलावरून तेच वाक्य आलं. तिथे मेष्ट्रू बसले होते. धारवाडकडच्या एका शाळेत त्यांनी पंधरा वर्षं गणित शिकवलं, म्हणून मेष्ट्रू, मास्तर. त्यांचा आवाज ते इतक्या वेगात ठेवतात की मला एरवी शब्द कळत नाहीत. पण 'हरवलं' एवढं मला कळलं. मग तिसऱ्या टेबलावरून. मग चौथ्या. एकामागून एक, वेगवेगळ्या वेगात, तेच वाक्य.

डोळस माणसांच्या ऑफिसात अशी चूक पडद्यावर येते, आपण पटकन खिडकी बंद करतो. इथे ती भिंतींवर आपटत होती. पहिला विचार आला तो असा: फायली गेल्या. आणि जुनी डिस्क मी पुसली आहे.

"नेटवर्कचं काहीतरी असेल," मी म्हणाले. "पाच मिनिटं द्या."

ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं.

इथे मला आधीची एक गोष्ट सांगायला हवी. मी मूळची नागपूरची. बेंगळुरूला आले ती हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत. तिथे एकदा चाचणीसाठी मी एका यंत्राची सुरक्षा दहा मिनिटांसाठी बंद केली आणि चालू करायला विसरले. दोन दिवसांनी लक्षात आलं. गुपचूप चालू केली, कोणाला बोलले नाही. पण अशा गोष्टींची नोंद राहते. आठवडाभराने मला काचेच्या एका खोलीत बोलावलं. कोणी आवाज चढवला नाही. काही चोरीलाही गेलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन दिवस तुम्ही गप्प का राहिलात?" संध्याकाळी माझ्या कार्डाने फाटक उघडलं नाही; नोकरी गेली होती. त्यानंतर कामातली कुठलीही चूक दिसली की माझ्या तोंडातून आधी खोटं बाहेर येतं. त्या सकाळीही तेच झालं.

मागच्या खोलीत जाऊन मी दार लोटलं. पासवर्ड तीनदा चुकला. शेवटी आत गेले. अक्कांचं फोल्डर उघडलं. फायली होत्या. मेष्ट्रूंच्या फायली होत्या. सगळ्यांच्या होत्या. मी खुर्चीत मागे टेकले, पण सुटका वाटली ती अर्धा मिनिट. फायली आहेत, मालकाचं नाव बरोबर आहे, वाचायची-लिहायची परवानगी बरोबर आहे, मग ब्राउझरला त्या का उघडता येत नाहीत? मी नवं खातं तयार करून पाहिलं. तेच वाक्य. यंत्र बंद करून चालू केलं. तेच वाक्य. घड्याळात दहाला दहा कमी.

दारावर बोटांचा आवाज झाला. भिंतीला हात लावत अक्का आत आल्या.

"मॅडम, नेटवर्क नाही ते," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या मोबाइलवर त्याच वायफायवर बातम्या लागल्या."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तुमचा श्वास ऐकू येतोय बघा. पळत आल्यासारखा. स्वल्प पाणी प्या. आणि काय झालं ते सांगा मला."

मी सांगितलं. डिस्क बदलली, ब्राउझर तपासला नाही, जुनी पुसली. काय बिघडलंय ते मला कळत नाहीये. अक्का उभ्याच होत्या, एक हात कपाटावर.

"फायली हायत ना?"

"आहेत."

"मग निम्मं झालं. पण सरांना सांगा. ते येतील आत्ता."

सर म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी, निवृत्त बँक अधिकारी, सत्तरीचे. ते दहाला आले, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि सवयीप्रमाणे विचारलं, सगळं तयार? ते कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलतात. मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं की ब्राउझर उघडत नाही आणि चूक माझी आहे. पहिल्यांदाच मी हे वाक्य वेळेत बोलत होते.

"मग जुनी डिस्क परत लावा," सर म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"ती पुसली, सर."

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून राहिले. मग त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई सभ्यपणे म्हणाली की साडेअकरा ते बारा या वेळात लॉगिन करायलाच हवं, नाहीतर पुढच्या भरतीला. पुढची भरती कधी? ते आत्ता सांगता येणार नाही.

"दीड तास आहे," सर मला म्हणाले. "मी बाहेर त्यांच्याजवळ बसतो. तुम्ही बघा."

मी परत आत गेले आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. यंत्राचा लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्र स्वतःबद्दल लिहून ठेवतं ती नोंद. तिथे एकाखाली एक ओळी होत्या, शेकड्यांनी, सगळ्यांत तोच शब्द. नकार. ब्राउझरने अमुक फाइल मागितली, नकार. तमुक मागितली, नकार.

नकार देणारा होता आमचाच पहारेकरी, म्हणजे यंत्रातला सुरक्षेचा प्रोग्रॅम.

आमच्या यंत्रात प्रत्येक फाइलीला नाव आणि मालक असतो, तसं एक लेबलही असतं, आपल्याला सहसा न दिसणारं. ही फाइल कोणाच्या घरातली, ही यंत्राची स्वतःची, ही नुसती पडलेली, असं ते सांगतं. ते लेबल बघून पहारेकरी ठरवतो की कुठल्या प्रोग्रॅमला कशाला हात लावू द्यायचा. मालक कोणी का असेना, लेबल चुकलं तर तो सोडत नाही. नेटवर जाणाऱ्या ब्राउझरवर आम्ही मुद्दामच हा पहारा जास्त कडक ठेवला होता. आणि मी फायली उतरवताना आज्ञेत एक अक्षर कमी लिहिलं होतं. फायली आल्या, लेबलं मागे राहिली. ती मी पुसलेल्या डिस्कबरोबर गेली.

खात्री करायला मी पहारेकऱ्याला सांगितलं, अडवू नकोस, फक्त नोंद कर. एका ओळीची आज्ञा आहे, एक सेकंद लागतो. बाहेर अक्कांना हाक मारली, "उघडा बरं!"

ब्राउझर उघडला. आवाजाने मुख्य पानाचं नाव वाचलं. बाहेर कोणीतरी टाळी वाजवली. सर दारात आले, चेहरा मोकळा झालेला.

"झालं तर! राहू द्या असंच. संध्याकाळी काय करायचं ते करा."

दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. राहू द्यावं असं मलाही फार वाटत होतं. पण पहारा उतरवून तसाच ठेवायचा, नंतर बघू म्हणायचं, हे मी एकदा केलं होतं. आणि पहारा बसवला होता तो कारणाशिवाय नव्हे. सहा महिन्यांपूर्वी अक्कांनी एका खोट्या लिंकवर बोट दाबलं होतं. खोटं पान खऱ्यासारखं वाचलं जातं, आवाजाला रंग आणि चिन्हं दिसत नाहीत. त्यांच्या मेलवरून सगळ्या नातेवाइकांना भलभलते निरोप गेले. नणंदेने तीन महिने बोलणं टाकलं होतं.

मी सरांना म्हणाले, "सर, असं ठेवलं तर परीक्षा होईल. पण ते चौघं दोन-तीन तास पहाऱ्याशिवाय नेटवर असतील. लेबलं परत लावायचा प्रयत्न करू का? जमलं नाही तर साडेअकराला असं उघडून देते."

"आणि प्रयत्नात आणखी बिघडलं तर?"

"तशी भीती मलाही वाटते," मी म्हणाले.

सरांच्या मागून अक्का बोलल्या. "सर, मला विचाराल तर पहारा असू दे. मागच्या वेळेला घरोघरी फोन करून मी सांगत बसले, ते मी लिहिलं नाही म्हणून. मॅडमना करू दे. वेळ हाय अजून."

सरांनी मान हलवली. "सरी," म्हणाले, ठीक आहे अशा अर्थाने, आणि बाहेर गेले.

मी पहारा परत चालू केला. बाहेरचा ब्राउझर पुन्हा बंद पडला, तेही ऐकू आलं. आता मोडलं होतं ते मी स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या देखत.

लेबलं पुन्हा लावायची आज्ञा असते. यंत्र प्रत्येक फाइलीची जागा बघतं आणि त्या जागेला शोभेल ते लेबल लावतं. मी ती सोडली. पडद्यावर नावं धावायला लागली. तीन मिनिटांत संपलं. मी हाक मारली. अक्कांनी उघडलं.

तुमचं प्रोफाइल उघडता येत नाही. ते हरवलं असेल, किंवा.

अक्कांनी बोट दाबून आवाज मध्येच तोडला. अकराला पाच कमी होते. एरवी एक आज्ञा वाचणं मला अवघड नाही, पण अक्षरं ओळखूच येईनात. मी हात मांडीखाली घेतले आणि त्यांवर बसले. का ते माहीत नाही.

मग मी एक फाइल निवडली, एकच, आणि तिचं लेबल वाचलं. जे हवं ते नव्हतं. 'इतर' अशा अर्थाचं होतं, म्हणजे ज्याची जागा ओळखू येत नाही त्याला जे लावतात ते. ते शंभरदा बघितल्यावर मला कळलं. नवी डिस्क मी नव्या जागी, नव्या नावाने जोडली होती. यंत्राच्या नियमांत त्या जागेचा पत्ताच नव्हता. ही लोकांची घरं आहेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आज्ञा सोडली तेव्हा त्याने मुकाट्याने प्रत्येक फाइलीवर 'इतर' चिकटवलं होतं.

मग नियम लिहिला: या नव्या जागेला जुन्या घरांच्या जागेसारखंच समज. एक-एक अक्षर तोंडाने म्हणत लिहिला. तीनदा वाचला. पुन्हा लेबलं लावायला सोडली. या वेळी नावं सावकाश सरकत होती, कारण या वेळी खरंच काही बदलत होतं. अक्कांचं घर. मग मेष्ट्रूंचं, ज्यात हजारो आवाजाच्या फायली. ते संपेना. अकरा दहा. अकरा पंधरा. आता थांबवावं तर अर्धवट राहणार, न थांबवावं तर वेळ जाणार. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. मी फक्त त्यांच्या फायलींची कन्नड अंकांतली नावं बघत होते, एक, दोन, तीन, जणू मी थांबले तर तीही थांबतील.

अकरा एकोणीसला संपलं.

"अक्का," मी हाक मारली.

स्पीकरमधून आवाज आला. मुख्य पानाचं नाव. मग परीक्षेच्या पानाचं. मी पहारा चालू आहे ना हे बघितलं. चालू होता.

तीन टेबलांवर उघडलं. मेष्ट्रूंच्या टेबलावर नाही. सकाळपासून त्यांनी इतक्यांदा प्रयत्न केला होता की त्यांचा जुना ब्राउझर कुठेतरी अर्धवट अडकून बसला होता. तो शोधून काढून टाकेपर्यंत अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली. ते शांत बसले होते, पण टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. ते लॉगिन झाल्यावर मी मागच्या दाराने बाहेर जाऊन पायरीवर बसले.

परीक्षा दोन तास चालली. मधे काही बिघडलं नाही.

नंतर आम्ही डबे उघडले. तेव्हा मेष्ट्रूंनी विचारलं, "मॅडम, जुनी डिस्क कधी पुसली?"

"काल संध्याकाळी."

"आम्हाला विचारलं होतं?"

"नाही."

"पंधरा वर्षं मी मुलांचे आवाज रेकॉर्ड केले. पाढे, कविता, भांडणं. तुमच्याकडे फोटो असतात. माझ्याकडे ते आहे. सकाळी ते यंत्र 'हरवलं' म्हणालं आणि तुम्ही नेटवर्क म्हणालात." ते ओरडले नाहीत. "दोन तास मी इथे बसून होतो आणि मला काय गेलंय ते माहीत नव्हतं."

अक्का मध्ये पडायला गेल्या, "अहो मेष्ट्रे, त्यांनी नंतर..." पण मेष्ट्रूंनी हात वर केला. त्यांचं बरोबर होतं. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. डबा बंद केला आणि काठी घेऊन निघून गेले.

पंधरा दिवसांनी निकाल आला. चौघांपैकी दोघांची निवड झाली, त्यात मेष्ट्रू होते. अक्कांची झाली नाही. "इंग्लिशचा उतारा लांब होता की," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेबलाचं काही नाही त्यात, उगा मनाला लावून घेऊ नका." नंतर काही महिन्यांनी त्यांच्या जुन्या चिकपेटच्या मालकाने त्यांना फोनवर ऑर्डरी घ्यायला बोलावलं. आता तिथेच आहेत.

पण त्याआधीचा, परीक्षेनंतरचा सोमवार सांगायचा राहिला. मी पाच वेगळ्या डिस्क आणल्या आणि प्रत्येकाच्या फायली प्रत्येकाच्या हातात दिल्या. बाकीच्यांनी पिशवीत टाकल्या. मेष्ट्रू टेबलाशी बसले, डिस्क जोडली, आणि पहिल्या फाइलीपासून ऐकायला लागले. हेडफोन त्यांनी लावला नाही. एका मुलीने कन्नडमध्ये सातचा पाढा म्हटला, सात सत्तेला अडखळली, मागून मुलं हसली. मेष्ट्रूंचा जुना आवाज म्हणाला, परत.

"अजून बऱ्याच आहेत," ते मला म्हणाले. "तुम्ही जा घरी."

"थांबते," मी म्हणाले, आणि शेजारची खुर्ची ओढून घेतली.